वटवाघूळ ऐकले म्हणजे काय ऐकले?

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, पाठ्यपुस्तकांचे तर शिक्षकांसाठीच्या मासिकांतून वारंवार होते. पण विज्ञानाची गोडी लागावी म्हणून गावोगावी जे कार्यक्रम होतात, म्हणजे आकाशदर्शन, पक्षिनिरीक्षण, सापांची ओळख वगैरे, त्यांचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. लोक जमले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला, आभार मानले, की कार्यक्रम यशस्वी झाला असे आपण धरून चालतो. करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पदरमोड करून ते आलेले असतात, मग उगाच नावे कशाला ठेवायची असे वाटते. आम्हांला मात्र वाटते की हेतू चांगला असतो म्हणूनच अशा कार्यक्रमांकडे बारकाईने पाहायला हवे. मुले तेथे जे ऐकतात ते वर्गातल्या धड्यापेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतात. मग ते बरोबर आहे ना, आणि त्यातून मुलांच्या हाती काही लागले का, हे विचारायला नको का?

गेल्या ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आमच्या गावच्या तळ्याकाठी 'वटवाघळे ऐकू या' हा कार्यक्रम झाला. शहरातून निसर्गप्रेमींची एक मंडळी आली होती. शाळेची मुले, त्यांचे पालक, रोज तळ्यावर फिरायला येणारे ज्येष्ठ, महिला मंडळाच्या काही जणी, असे साठसत्तर लोक जमले होते. आम्ही तिघे, दोघे विज्ञानाचे शिक्षक आणि एक भूगोलाच्या बाई, मुलांना घेऊन गेलो होतो. कार्यक्रमामागे एक निमित्तही होते. तळ्याच्या घाटावर एक जुना वड आहे. त्यावर मोठी फलाहारी वटवाघळे दिवसभर उलटी लटकलेली असतात. घाण होते, आवाज होतो आणि आता रोगाचीही भीती वाटते, म्हणून हा वड तोडावा असा अर्ज काही रहिवाशांनी दिला होता. लोकांचा गैरसमज दूर व्हावा म्हणून शाळेने या मंडळींना बोलावले होते. तेव्हा संध्याकाळ नुसती गमतीची नव्हती, तिच्यावर एका झाडाचे भवितव्य थोडेफार अवलंबून होते.

प्रथम अर्धा तास भाषण झाले. वटवाघूळ पक्षी नसून सस्तन प्राणी आहे, ते आंधळे नसते, ते माणसाच्या केसांत अडकत नाही, ते तासाला हजार डास खाते, असे मुद्दे आले. मग अंधार पडू लागला आणि प्रमुखांनी पिशवीतून दोन लहान पेट्या काढल्या. यांना बॅट डिटेक्टर म्हणतात. तळ्यावरून लहान लहान वटवाघळे फिरू लागली आणि पेटीतून टक् टक् टक् असा आवाज येऊ लागला. मध्येच तो इतका जलद झाला की फडके टर्रकन फाटल्यासारखा वाटला. "ऐका, हा वटवाघळाचा आवाज!" असे प्रमुख म्हणाले आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या एकाकडे मोबाईलला जोडलेला मायक्रोफोन होता. त्याच्या पडद्यावर आवाजाचे चित्र उमटे आणि खाली वटवाघळाच्या जातीचे नाव येई. नाव आले की ते मोठ्याने वाचून दाखवले जाई.

सातवीतली एक मुलगी बराच वेळ पेटीकडे पाहत होती. पेटीवर एक चकती होती आणि प्रमुख ती अधूनमधून फिरवत होते. तिने विचारले, "सर, हा आवाज वटवाघळाचा की पेटीचा?"

"वटवाघळाचाच, बाळ," असे उत्तर मिळाले आणि मंडळी पुढच्या वळणाकडे निघाली.

आमच्या मते त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला क्षण हा प्रश्न होता, आणि तोच वाया गेला.

स्वर कोणाचा, लय कोणाची?

प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. माणसाला सुमारे २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंतचा, म्हणजे २० किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, आणि तोही लहान वयात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. पन्नाशीच्या माणसाला बारा-चौदा किलोहर्ट्झच्या वरचे सहसा ऐकू येत नाही. कीटक खाणाऱ्या बहुतेक वटवाघळांची साद २० किलोहर्ट्झच्या बरीच वर असते.

त्यांना इतका उंच स्वर का लागतो, हे फळ्यावर सोडवता येते. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरू. १ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर येते. एवढ्या लांब लाटेला डास जाणवतही नाही, ती त्याला वळसा घालून निघून जाते. ५० किलोहर्ट्झला हीच तरंगलांबी ७ मिलिमीटरहून थोडी कमी होते, आणि आता लहान किड्यावरूनही उपयोगी पडेल असा प्रतिध्वनी परत येऊ शकतो. किडा ३.४ मीटरवर असला तर साद जाऊन प्रतिध्वनी यायला २० मिलिसेकंद लागतात. वटवाघळाचे सारे काम एवढ्या अवधीत चालते.

आता पेटी काय करते ते पाहू. तंबोरा जुळवताना दोन तारा जवळजवळ सारख्या लागल्या की आवाज हलकेच डोलल्यासारखा होतो. एक तार सेकंदाला २४० कंपने करीत असेल आणि दुसरी २४२, तर तो डोल सेकंदाला दोन वेळा येतो. यालाच आपण विस्पंद शिकवतो. साध्या डिटेक्टरचे तत्त्व याच जातीचे आहे. पेटी स्वतः एक उंच कंपन निर्माण करते आणि बाहेरून आलेल्या सादेत मिसळते. दोहोंतील फरक आपल्याला ऐकू येतो. वटवाघूळ ४५ किलोहर्ट्झवर ओरडत असेल आणि चकती ४३ वर असेल, तर आपल्याला २ किलोहर्ट्झचा आवाज येतो. चकती ४० वर नेली की तेच वटवाघूळ ५ किलोहर्ट्झचे, म्हणजे बरेच चिरके, ऐकू येते. वटवाघळाने काहीच बदललेले नसते, बदललेली असते ती चकती.

म्हणजे मुलीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे होते : स्वर बराचसा पेटीचा, लय वटवाघळाची. टक्‌टक् किती वेळाने येते, ती केव्हा जलद होते, हे खरे वटवाघळाचे आहे. इकडेतिकडे फिरताना ते सेकंदाला साधारण दहा वेळा साद घालते. किडा सापडला की सादा भराभर येऊ लागतात आणि अगदी जवळ पोहोचताना सेकंदाला दोनशेच्या आसपास जातात. फडके फाटल्यासारखा जो आवाज आला तो हाच होता. एवढे सांगून चकती मुलीच्या हातात दिली असती आणि "फिरव, काय बदलते ते सांग, काय बदलत नाही तेही सांग" असे म्हटले असते, तर दोन मिनिटांत साठसत्तर लोकांना यंत्राची मर्यादा आणि यंत्राची ताकद दोन्ही समजली असती.

यावर कोणी म्हणेल, सामान्य लोकांना एवढे कशाला? त्यांना गंमत वाटली की पुरे. आम्हांला हे पटत नाही. 'वटवाघूळ आंधळे असते' हा गैरसमज काढून त्या जागी 'वटवाघळाचा आवाज टक्‌टक् असा असतो' हा दुसरा गैरसमज ठेवला, तर काय मिळवले? शिवाय लोक यंत्रावर विश्वास ठेवायला शिकले आणि यंत्राला प्रश्न विचारायला शिकले नाहीत, हा तोटा वेगळाच.

यंत्र गप्प असते तेव्हा

कार्यक्रमात आणखी एक गोष्ट घडली. वडाखाली आल्यावर पेटी बराच वेळ गप्प राहिली. "इथे आत्ता वटवाघळे नाहीत," असे प्रमुख म्हणाले. वास्तविक आमच्या डोक्यावर वटवाघळांची चांगली कलकल चालली होती.

झाले होते असे, की वडावरची वटवाघळे फलाहारी होती. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेच्या वर जाती आहेत आणि त्या सगळ्यांचा ध्वनीशी संबंध सारखा नाही. वडावर लटकणारे मोठे वटवाघूळ प्रतिध्वनीवर वाट काढत नाही. ते डोळ्यांनी पाहते आणि वासाने फळे शोधते. गुहांत राहणारे आपल्याकडचे आणखी एक फलाहारी वटवाघूळ अंधारात वाट काढण्यासाठी जिभेने टक्‌टक् करते, पण वडावरचे तेही करीत नाही. त्याचा आवाज सरळ साध्या कानाला ऐकू येतो आणि आमच्या घाटावर कपडे धुणाऱ्या बाया तो रोज ऐकतात. चाळीस किलोहर्ट्झवर लावलेल्या पेटीने त्यांच्याविषयी काय बोलावे? पेटी गप्प राहिली म्हणून प्राणी नाही असे म्हणणे म्हणजे थर्मामीटरमध्ये रक्तदाब दिसला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणण्यासारखे झाले.

उलटही घडले असावे असा आम्हांला संशय आहे. तळ्याच्या झाडीजवळ पेटी अखंड चरचरत होती आणि तेही वटवाघळाच्या नावावर जमा झाले. पावसाळ्यात झाडीतले कित्येक नाकतोडे आणि रातकिडे श्राव्यातीत ध्वनी काढतात. किल्ल्यांचा जुडगा हलवला, दोन बोटे एकमेकांवर घासली, तरी अशी पेटी बोलते. शिक्षकांनी हा प्रयोग कार्यक्रमाच्या आधी मुलांसमोर जरूर करावा. कशाकशाने पेटी फसते हे माहीत असलेल्या मुलांना ती केव्हा फसत नाही हेही हळूहळू कळू लागते.

मोबाईलवर येणाऱ्या नावांचे तसेच. यंत्र आपल्याजवळच्या नमुन्यांशी तुलना करून नाव सुचवते. ज्या भागातल्या सादांचे नमुने त्याला पुरेसे दिलेले नाहीत तेथे ते तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे नाव सुचवू शकते. 'हे नाव कशावरून?' असे कोणी विचारले नाही, आणि विचारावे असे कोणी सुचवलेही नाही.

यंत्राशिवाय ऐकणारे

या विषयाचा इतिहास पाहिला तर आमच्या तक्रारीला मोठा आधार मिळतो. १७९३ साली इटलीत पाव्हिया येथे लाझारो स्पालान्झानी याला दिसले, की गडद अंधारात घुबड अडखळते पण वटवाघूळ अडखळत नाही. त्याने वटवाघळांचे डोळे निकामी केले, तरी ती उडत राहिली आणि किडेही पकडत राहिली. जिनीव्हाच्या लुई ज्युरीन याने कान बुजवले, तेव्हा मात्र ती आपटू लागली. आजच्या दृष्टीने हे प्रयोग क्रूर आहेत आणि मुलांना सांगताना ते तसे आहेत हेही सांगावे. पण विचार करण्याची रीत पाहा. वटवाघूळ कानाने 'पाहते' असे दिसत होते, आणि ते काय ऐकते हे मात्र कोणाला ऐकू येत नव्हते. क्युव्हिएसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने पंखांच्या स्पर्शज्ञानावर सारे सोपवून टाकले, आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याचेच मत चालले.

१९३८ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा विद्यार्थी डोनाल्ड ग्रिफिन वटवाघळांचा पिंजरा घेऊन जी. डब्ल्यू. पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. पिअर्सजवळ श्राव्यातीत ध्वनी पकडणारे यंत्र होते आणि त्यावर तो कीटकांचे आवाज अभ्यासत होता. पिंजऱ्यासमोर यंत्र धरताच ते बोलू लागले. पण खोलीत मोकळ्या उडणाऱ्या वटवाघळांच्या बाबतीत ते बहुतेक गप्पच राहिले. त्यामुळे पहिल्या निबंधात दोघांनी, या सादा वाट काढण्यासाठीच असतात असा दावा केला नाही. खरे कारण नंतर कळले. यंत्राचा कर्णा अरुंद दिशेतूनच ऐकत होता आणि वटवाघळाची सादही समोरच्या दिशेनेच जोरात जाते. दोघे समोरासमोर आले तरच ऐकू येणार! पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बॉस यांनी तोंड आणि कान आळीपाळीने बंद करून पाहिले आणि प्रतिध्वनीचा उलगडा केला. म्हणजे या शोधाच्या पहिल्याच पायरीवर यंत्राच्या शांततेने शोधकांना चकवले होते. आमच्या वडाखालच्या त्या वाक्याची आठवण येथे कोणालाही होईल.

आम्हांला या कथेत सर्वांत भावतो तो तिसरा माणूस. हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असताना उट्रेख्ट येथील स्वेन डाइकग्राफ याच्याजवळ असे यंत्र नव्हते. त्याने शांत खोलीत वटवाघळांजवळ कान देऊन ऐकले. श्राव्यातीत सादेबरोबर एक अगदी बारीक टिक्‌टिक् बाहेर पडते आणि ती माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येते. अडथळा जवळ आला की टिक्‌टिक् जलद होते हे त्याने नुसत्या कानांनी टिपले. तोंडाला उघडझाप करता येईल अशी टोपी बसवून, तोंड बंद झाले की वटवाघूळ आपटते हेही त्याने दाखवले. हे काम १९४३ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नसल्याने त्याला थांबावे लागले नाही. त्याने फक्त अधिक शांतता आणि अधिक वेळ खर्च केला.

आमच्या कार्यक्रमात शांतता एक मिनिटही पाळली गेली नाही, आणि नुसत्या कानांनी काय ऐकू येते हे कोणी कोणाला विचारले नाही. मुलांचे कान मोठ्यांपेक्षा वरपर्यंत ऐकतात, हा प्रयोग जागच्या जागी करता आला असता. आणि ऐकण्याजोगे वटवाघूळ आपल्याकडे नाही असेही नाही. बेळगाव जिल्ह्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांतील ज्या वटवाघळाचे वर्णन १९१३ साली प्रसिद्ध झाले आणि जे पुढे कित्येक दशके जगात फक्त तेथूनच माहीत होते, त्या राउटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाच्या सादा माणसाला ऐकू येतील इतक्या खालच्या स्वरात असतात. 'वटवाघूळ माणसाला ऐकूच येत नाही' हे वाक्य त्या संध्याकाळी तीनदा ऐकले, म्हणून हे लिहिले.

कार्यक्रम आला, मोजणी राहिली

संध्याकाळी जमून डिटेक्टरने वटवाघळे ऐकण्याची ही रीत प्रामुख्याने युरोपातून, विशेषतः ब्रिटनमधून, आपल्याकडे आली. तेथे १९८१ च्या कायद्याने सर्व वटवाघळांना आणि त्यांच्या वसतिस्थानांना संरक्षण मिळाले. १९९० मध्ये वटवाघळांच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि गावोगावचे हौशी गट तिच्याशी जोडले गेले. १९९६ पासून तेथे देशव्यापी गणना चालू आहे. स्वयंसेवक ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, चकती ठरलेल्या आकड्यावर ठेवून चालतात आणि ऐकू आलेले नोंदवतात. काही जण तर घराच्या छपरातून संध्याकाळी बाहेर पडणारी वटवाघळे नुसत्या डोळ्यांनी मोजतात. डिटेक्टरची थोरवीही तेथे दिसली. ब्रिटनमधले सर्वांत परिचित लहान वटवाघूळ काही ठिकाणी ४५ तर काही ठिकाणी ५५ किलोहर्ट्झच्या आसपास साद घालते असे लक्षात आले, आणि १९९०च्या दशकात त्या एकीच्या दोन जाती ठरल्या. तेव्हा आमचा राग यंत्रावर नाही.

तक्रार आहे ती अशी, की आपण तेथून कार्यक्रमाचा देखावा आणला आणि त्यामागची मोजणी तेथेच ठेवली. तारीखसुद्धा तशीच आणली. वटवाघळांची आंतरराष्ट्रीय रात्र १९९७ पासून पाळली जाते आणि ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्याअखेरीस असते. युरोपात तेव्हा उन्हाळ्याच्या उबदार रात्री असतात, त्या वर्षीची पिल्ले उडू लागलेली असतात. आमच्याकडे तेव्हा पाऊस असतो. त्या दिवशीही दोनदा सर आली, पेटी छत्रीखाली धरावी लागली आणि थेंबांचे आवाज ऐकून मुले "वटवाघूळ, वटवाघूळ" म्हणून ओरडली. हाच कार्यक्रम ऑक्टोबरात ठेवला असता तर काय बिघडले असते?

भीतीचे काय?

आता मुख्य गोष्ट. लोक वडाला भीत होते आणि कार्यक्रमात बोलणे झाले डासांविषयी. 'तासाला हजार डास' या आकड्याचा उगम पाहिला तर तो बंद खोलीत डास सोडून, वटवाघळाने थोड्या मिनिटांत किती खाल्ले यावरून तासाचा हिशेब वाढवत नेलेला दिसतो. योगायोग असा, की १९६० साली प्रसिद्ध झालेले ते प्रयोग ग्रिफिन आणि त्याच्या सहकाऱ्यांचेच. मोकळ्या रानात वटवाघूळ पतंग, भुंगे, नाकतोडे, जे मिळेल ते खाते. आणि काही झाले तरी वडावरची वटवाघळे डास खातच नाहीत. म्हणजे एका प्राण्याच्या बचावासाठी दुसऱ्या प्राण्याची साक्ष काढली गेली, तीही फुगवून.

घाटावरच्या एका मावशींनी शेवटी विचारलेच, "ते निपाहचं काय?" त्यांना "तसं काही नसतं, घाबरू नका" असे उत्तर मिळाले. हे उत्तर बरोबर नाही. २०१८ साली केरळात निपाहचा उद्रेक झाला आणि त्याचा संबंध फलाहारी वटवाघळांशी जोडला गेला. महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांमध्ये या विषाणूच्या संसर्गाच्या खुणा सापडल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. मावशींची भीती अडाणीपणाची नव्हती. तिला तितकेच सरळ उत्तर हवे होते : वटवाघळाला, जिवंत असो वा मेलेले, हात लावायचा नाही, अर्धवट खाल्लेले फळ मुलांनी खायचे नाही, वडाखाली खेळायचे, जेवायचे नाही, फळे धुऊन, सोलून खायची. आणि झाड तोडल्याने ती नाहीशी होत नाहीत, जवळच्या दुसऱ्या झाडांवर विखुरतात. चिकू-पेरूच्या बागेचे ती नुकसान करतात हेही मान्य करायला हवे होते, आणि वड, उंबर, मोह यांच्या बिया दूरवर नेऊन टाकतात हेही सांगायला हवे होते.

एका वाक्याचा कायदाही सांगता आला असता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पन्नास वर्षे कायदाही आमच्या रहिवाशांसारखाच विचार करीत होता, हे ऐकून अर्ज करणाऱ्यांना कमीपणा वाटला नसता.

आमची दुसरी संध्याकाळ

परीक्षण लिहिणाऱ्याने स्वतः काही करून पाहावे असे कोणी म्हणेल, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबरच्या सुटीआधी आम्ही मुलांना आणि ज्यांना यायचे त्या पालकांना घेऊन पुन्हा घाटावर गेलो. पेटी नव्हती. वडापासून बऱ्याच अंतरावर बसलो आणि पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही असे ठरवले. प्रत्येकाने ऐकलेले आवाज वहीत लिहिले. मग विचारले, वडावरची कलकल सारखीच होती का? मुलांनी तीन-चार प्रकार सांगितले : जागेवरून भांडल्यासारखा, पंख फडफडण्याचा, एक लांब किंकाळीसारखा. यांचे अर्थ आम्ही सांगितले नाहीत, कारण तसे कोणाला सांगता येणे सोपे नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी दुसऱ्या एका फलाहारी वटवाघळाच्या सुमारे पंधरा हजार सादा गणकयंत्राने तपासल्या, तेव्हा ओरडणारा कोण आणि भांडण खाण्यावरून की जागेवरून, हे काही प्रमाणात ओळखता आले. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांचे 'जागेवरून भांडल्यासारखा' हे वर्णन तेव्हा अगदीच वाऱ्यावरचे नव्हते.

नंतर आकाशाची पश्चिम बाजू समोर ठेवून उडून जाणारी वटवाघळे मोजली. दोन गट केले होते. दोघांचे आकडे जुळले नाहीत, आणि मोठा वाद झाला. एका गटाने परत फिरलेली पुन्हा मोजली होती. पुढच्या वेळी कसे मोजायचे याचा नियम मुलांनीच ठरवला. त्या सातवीतल्या मुलीला आम्ही तंबोऱ्याचे उदाहरण देऊन तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा बरोबरच विचारलं होतं."

वड अजून उभा आहे. अर्जावर निर्णय झालेला नाही. मुलांची मोजणी त्यात उपयोगी पडेल की नाही हे सांगता येत नाही. पण अर्ज करणाऱ्यांपैकी दोघे दुसऱ्या मोजणीला आले होते आणि त्यांतल्या एकाने आकडा वहीत लिहून घेतला.

शहरातल्या त्या मंडळींविषयी आमच्या मनात आदर आहे. ते आले नसते तर तो प्रश्नही विचारला गेला नसता. त्यांनी पुन्हा यावे, पेट्याही आणाव्यात. फक्त येताना एवढे करावे : प्रथम पाच मिनिटे कान उघडे ठेवून बसावे, मग पेटी काढून ती काय करते ते सांगावे, चकती मुलांच्या हातात द्यावी, आणि जाताना अशी एक मोजणी मागे ठेवावी जी गावाला पेटीशिवाय चालू ठेवता येईल. कार्यक्रम चांगला झाला की नाही हे टाळ्यांवरून न ठरवता, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणी आपणहून तळ्याकाठी जाऊन उभे राहिले का, यावरून ठरवावे.